आमच्या रिपॉझिटरीत सर वारले

सर आत आले आणि खुर्चीवर न बसताच त्यांनी एक छापील कागद माझ्या टेबलावर ठेवला. "तुम्ही मला परस्पर कैलासवासी केलंत. निदान कळवायचं तरी!"

कागदावर आमच्याच रिपॉझिटरीतलं, म्हणजे विद्यापीठाच्या प्रबंध-लेखांच्या ऑनलाइन संग्रहातलं, लेखकाचं पान होतं. वर आडनाव आणि दोन आद्याक्षरं. खाली बारीक अक्षरात जन्मसाल, एक आडवी रेघ आणि रेघेपुढे आणखी एक साल. त्याखाली प्रबंधापासून गेल्या वर्षीच्या लेखापर्यंत सगळी यादी. म्हणजे आमच्या हिशेबाने सर वारल्यानंतरही शोधनिबंध लिहीत होते, आणि त्यात काही वावगं आहे असं एवढ्या यंत्रणेत कुणालाच वाटलं नव्हतं.

सर गणिताचे, निवृत्त. चिडलेले अजिबात नव्हते. एका नियतकालिकाच्या संपादकांनी त्यांच्या सहलेखिकेला सांत्वनाचं पत्र पाठवलं होतं, आणि त्या बाईंनी ते वाचून थेट सरांनाच फोन लावला होता. हे सगळं त्यांनी रंगवून सांगितलं. जाताना मात्र दारात थांबून म्हणाले, "चूक होते हो. पण ही कुणी केली, कशावरून केली, एवढं तरी तुम्हाला सांगता येईल ना?"

कुणी केली ते अर्ध्या तासात कळलं. मीच केली होती. कशावरून, हे शोधायला उरलेला दिवस गेला.

मृत्यूचं साल आम्ही कुणी टाइप केलेलं नव्हतं. नोंदीत लेखकाच्या नावामागे एक ओळखक्रमांक ठेवता येतो. आम्ही तिथे विकिडेटाचा, म्हणजे विकिपीडियाचं भावंड असलेल्या खुल्या माहितीसाठ्याचा, क्यू-क्रमांक ठेवतो (तिथल्या प्रत्येक नोंदीला असा एक असतो), आणि रात्री एक छोटी स्क्रिप्ट तिकडून पी ५६९ म्हणजे जन्मतारीख आणि पी ५७० म्हणजे मृत्युतारीख आणून पानावर लावते. सरांच्या नावामागचा क्रमांक त्यांचा नव्हताच. तो त्याच आडनावाच्या, त्याच दोन आद्याक्षरांच्या एका वनस्पतिशास्त्रज्ञांचा होता. ते खरोखरच वारलेले, आणि त्यांची तिथली माहिती अगदी बरोबर. आम्ही फक्त बरोबर माहिती चुकीच्या माणसाला चिकटवली होती.

ही जोडणी दोन वर्षांपूर्वीची. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी २००६ साली लिंक्ड डेटाचे, म्हणजे वेबवर एकमेकींना जोडलेल्या माहितीचे, चार साधे नियम मांडले. त्यातला चौथा असा, की आपल्या नोंदी दुसऱ्यांच्या नोंदींना जोडा, म्हणजे वाचणाऱ्याला पुढचं सापडेल. आम्ही त्या चौथ्या नियमाच्या मागे लागलो होतो, कारण 'किती लेखक जोडले' हा आकडा अहवालात शोभून दिसतो. नावांची यादी मी ओपनरिफाइन या माहिती साफसूफ करायच्या साधनात घातली आणि विकिडेटाशी पडताळायला लावली. प्रत्येक नावासमोर उमेदवार आणि त्यांचे गुण येतात. सुरुवातीला मी एकेक नाव उघडून बघत होते : विषय कुठला, संस्था कुठली, सालं जुळतात का. दोन दिवस हे केलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मेनूत जाऊन 'मॅच ईच सेल टू इट्स बेस्ट कँडिडेट' (प्रत्येक चौकटीला तिचा सर्वोत्तम उमेदवार जोडा) दाबलं. रकान्याचा रकाना निळा झाला, फार बरं वाटलं, आणि मी घरी गेले.

पण खरी लाज वाटली ती पुढच्या पायरीची. आमची रिपॉझिटरी डीस्पेस या प्रणालीवर चालते. तिच्यात सीएसव्हीतून, म्हणजे साध्या तक्त्याच्या फाइलीतून, असा क्रमांक चढवायचा तर एकाच चौकटीत नाव, क्रमांक आणि खात्रीचा आकडा लिहावा लागतो, मध्ये अपूर्णविरामांच्या जोड्या. खात्रीचा आकडा ५०० असेल तर अर्थ असा, की मूल्य वैध आहे, पण ते कुणा माणसाने पाहून मान्य केलेलं नाही. ६०० म्हणजे पाहून, मान्य करून ठेवलेलं. आमच्या पानावर ६०० च्या खालचं काही दिसत नव्हतं, तशी मर्यादाच आम्ही ठेवली होती. म्हणून मी रकान्यात वरपासून खालपर्यंत ६०० ओढून दिला. सरांच्या ओळीतही. म्हणजे कुणीतरी डोळ्यांनी पाहिलं आहे, असं मी लिहून दिलं होतं. यंत्र बिचारं 'मला वाटतं' एवढंच म्हणत होतं.

मग वाटलं, गुण देणाऱ्याला तरी काय दिसत होतं? आडनाव आणि दोन अक्षरं. एवढ्यावर मीही तेच केलं असतं. पण आमच्याकडे एवढंच का होतं? प्रबंधाच्या मुखपृष्ठावर तर सरांचं पूर्ण नाव असणार.

म्हणून साठवणखोलीत गेले. जुन्या कार्डांची कपाटं अजून तिथे आहेत, टाकून द्यायला कुणाचा जीव होत नाही. लेखकनावांचा प्राधिकृत खण (कुठलं नाव नेमकं कुणाचं, हे ठरवून ठेवणाऱ्या कार्डांचा) वेगळा, खालच्या रांगेत. सरांचं कार्ड मिळालं. टंकलिखित, कडा पिवळ्या पडलेल्या. आडनाव, आद्याक्षरं, कंसात त्या आद्याक्षरांची पूर्ण नावं, जन्मसाल. खाली 'प्रबंधाच्या मुखपृष्ठावरून' असा शेरा. आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने, छोट्या उभट अक्षरात : 'याच आद्याक्षरांचे वनस्पतिशास्त्रज्ञ निराळे. गल्लत नको.'

मी ते कार्ड हातात धरून उभीच राहिले. हे लिहिणारी व्यक्ती मी नोकरीला लागण्याच्या कितीतरी आधी निवृत्त झाली असेल. नेमकी हीच चूक तिने तेव्हाच ओळखली होती.

बरं, कार्डावरचं ज्ञान कार्डावरच अडकलं होतं असंही नाही. कार्डांचं मार्कमध्ये, म्हणजे ग्रंथालयीन नोंदींच्या संगणकीय साच्यात, रूपांतर झालं तेव्हा निदान समोरच्या बाजूचं सगळं त्यात उतरलं होतं. मार्कच्या १०० क्रमांकाच्या क्षेत्रात लेखकाचं नाव 'ए' या उपक्षेत्रात जातं, आद्याक्षरांचा विस्तार 'क्यू'मध्ये आणि जन्म-मृत्यूची सालं 'डी'मध्ये. सगळं जागच्या जागी. नंतर रिपॉझिटरीसाठी मार्कवरून डब्लिन कोअर या नोंदींच्या साध्या साच्यात जाताना आम्ही जो रूपांतराचा तक्ता केला, त्यात 'ए'समोर 'क्रिएटर' लिहिलं आहे आणि 'क्यू' व 'डी'समोर एक आडवी रेघ. घेऊ नये. त्या बैठकीला मी होते. 'नावाला शेपटं नकोत, शोधात गोंधळ होतो' असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

यात डब्लिन कोअरला बोल लावण्यात अर्थ नाही. १९९५ साली ओहायोतल्या डब्लिन गावी झालेल्या बैठकीतून ते निघालं (आयर्लंडचा काही संबंध नाही, हे मला दर वर्षी नव्या मुलांना सांगावं लागतं), आणि त्याचे पंधरा घटक साधे ठेवले तेच मुळी कुणालाही वापरता यावेत म्हणून. मूळ मार्क नोंद शेजारी ठेवायला कुणी मनाई केली नव्हती. आम्ही ती ठेवली नाही.

आणि 'मुखपृष्ठावरून' हा शेरा! मार्कच्या प्राधिकृत नोंदीत त्यासाठी ६७० हे वेगळं क्षेत्र आहे : ही माहिती कशात मिळाली, तिथे काय लिहिलं होतं. कार्डांच्या काळापासून चालत आलेली शिस्त. माझ्या क्यू-क्रमांकामागे असं काहीच नव्हतं. सरांनी दारात विचारलेला प्रश्न म्हणजे दुसरं काय, ६७०च.

दुपारी विकिडेटावर त्या वनस्पतिशास्त्रज्ञांची नोंद नीट उघडली, आणि पोटात गोळा आला. तिथे सरांचा गणितातला प्रबंध त्यांच्या नावावर लागला होता. सरांचा ऑर्किड क्रमांकही, म्हणजे संशोधकांना मिळणारा ओळखक्रमांक. संदर्भ म्हणून आमच्या रिपॉझिटरीचा दुवा. ज्याने भर घातली त्याचं काय चुकलं? विद्यापीठाची रिपॉझिटरी सांगते आहे की हे दोघे एकच, यापेक्षा चांगला पुरावा तो कुठून आणणार? आता परिस्थिती अशी होती, की आमचा आधार विकिडेटा आणि विकिडेटाचा आधार आम्ही. एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपलेले दोन पहारेकरी.

लिंक्ड डेटात 'हा तोच' हे विधान फार जड असतं. अ म्हणजे ब आणि ब म्हणजे क असेल, तर अ म्हणजे क आपोआप होतं. आणि ब विषयी जे खरं, ते सगळं अ विषयीही खरं धरलं जातं. मरणसुद्धा. 'विषय जुळतो' किंवा 'याच विभागातला' अशी जोडणी चुकली तर शोधात थोडा कचरा येतो. 'हा तोच' चुकलं की माणूस जातो.

दुरुस्तीला बसले तेव्हा सरांना फोन करून ऑर्किड क्रमांक विचारला. त्यांनी डायरीतून वाचून दाखवला, मी भरला, आणि प्रणालीने तो नाकारला. ऑर्किडच्या सोळा अंकांतला शेवटचा आधीच्या पंधरांवरून काढलेला तपासणीचा अंक असतो. एक अंक चुकला तरी हिशेब बसत नाही. डायरीत ७ चा १ झाला होता. सर गणिताचे, त्यांना या गोष्टीचं भारी कौतुक. "नावालाही असा शेवटचा अंक हवा होता," म्हणाले.

नोंदी सुधारल्या, पण घाईत. थेट डेटाबेसमध्ये जाऊन क्रमांक बदलला. विकिडेटावर सरांची वेगळी नोंद केली, प्रबंध आणि ऑर्किड तिकडे हलवले आणि दोन्ही नोंदींवर पी १८८९ लावला. 'हा त्याहून वेगळा' असं सांगणारा गुणधर्म. पेन्सिलीतल्या त्या ओळीचं आजचं रूप.

मग सहकाऱ्याने एक साधी क्वेरी सुचवली : प्रकाशनाचं साल मृत्यूच्या सालानंतरचं आहे असे लेखक काढा. ही क्वेरी कधीही लिहिता आली असती. निघालेल्या नावांतली काही खरोखर मरणोत्तर प्रकाशनं होती, म्हणजे तिथेही एकेक नोंद उघडून बघणं आलंच. बाकीचे सरांसारखेच, माझ्याच त्या संध्याकाळचे. आणि हे फक्त मृतांशी जोडलेले. चुकून दुसऱ्या जिवंत माणसाशी जोडले गेलेले या जाळ्यात सापडतच नाहीत. ते अजून शोधते आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर आमच्या पानावर सर जिवंत आणि आमच्या नोंदी उचलणाऱ्या संग्राहकांकडे मृतच. ओएआय-पीएमएच या ठरलेल्या पद्धतीने नोंदी उचलणारा दर वेळी 'मागच्या वेळेनंतर काय बदललं' एवढंच विचारतो आणि उत्तर नोंदीवरच्या तारीखशिक्क्यावरून मिळतं. मी मागच्या दाराने, डेटाबेसमधून बदल केला होता. शिक्का जुनाच राहिला, म्हणजे बाहेरच्यांच्या लेखी काही बदललेलंच नाही. सगळं पुन्हा सीएसव्हीतून, सरळ मार्गाने चढवलं, तेव्हा शिक्के बदलले आणि एकेका ठिकाणी सर उठून बसायला लागले.

आता प्रत्येक जोडणीसोबत आम्ही एक ओळ ठेवतो : कुणी, कधी, कशावरून. न पाहिलेल्यांना ५०० च ठेवलं आहे आणि ते पानावर दिसत नाहीत. अहवालातला आकडा निम्म्याहून खाली आला आहे आणि त्यावरून मला एक बैठक ऐकून घ्यावी लागली.

सर पुढच्या आठवड्यात स्वतःची ओळ बघायला आले. मी लिहिलं होतं : 'प्राधिकृत कार्ड; प्रबंधाचं मुखपृष्ठ; लेखकाने स्वतः दिलेली माहिती.' त्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि बोट ठेवलं. "'लेखकाने समक्ष येऊन' असं करा."

तसं केलं. एका संग्राहकाकडे ते अजून वारलेलेच आहेत. तिसरी मेल परवा टाकली आहे.