शिरोलीचा सर्व्हर पुण्याला नेला. १९ दिवस अडले ते एका फायबरसाठी

पुण्याच्या डेटा सेंटरमधल्या आमच्या रॅकचं भाडं सुरू होऊन १९ दिवस झाले होते आणि त्या रॅकमधून एक बाइटही बाहेर गेला नव्हता. तो राग अजून उतरलेला नाही. कोलोकेशन, म्हणजे आपला सर्व्हर भाड्याच्या डेटा सेंटरमध्ये ठेवायच्या विचारात असलेल्या कोल्हापूरकडच्या कारखानदारांनी निदान क्रॉस-कनेक्टचा भाग तरी नीट वाचावा.

निर्णय चुकला असं मी अजिबात म्हणणार नाही. आमची फौंड्री कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत. ईआरपी (कारखान्याचा हिशोब, स्टॉक सांभाळणारं सॉफ्टवेअर) आणि ड्रॉइंगचा सर्व्हर ऑफिसशेजारच्या खोलीत होता. लाइट गेली की यूपीएस सर्व्हर ओढायचा, पण एसी यूपीएसवर नव्हता. जनरेटरवर एसी सुरू होईपर्यंत खोली तापायची. वर फौंड्रीची धूळ. तिच्यातले लोखंडाचे कण पंख्यात आणि हीटसिंकवर बसतात, आणि त्यांच्यातून वीज वाहते, त्यामुळे बोर्ड शॉर्ट व्हायचीही भीती. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला. तेव्हा सर्व्हर कोरडा राहिला तरी जनरेटरचं डिझेल कुठून आणणार? कोलोकेशनमध्ये मशीन आणि लायसन्स आपलंच राहतं. जागा, वीज, थंडावा आणि नेट कंपन्यांची निवड एवढंच भाड्यानं घ्यायचं. वर्षभर सारखाच लोड असलेल्या आणि आधीच विकत घेतलेल्या सर्व्हरला आमच्या हिशोबात क्लाउडपेक्षा हेच स्वस्त पडलं.

आता क्रॉस-कनेक्ट. आपला रॅक एका हॉलमध्ये असतो, नेट कंपन्यांची पॅनेल मीट-मी रूममध्ये. या दोन्हींमध्ये ओढलेली फायबरची जोडी म्हणजे क्रॉस-कनेक्ट. ती डेटा सेंटरचीच माणसं ओढतात आणि तिचं महिन्याचं भाडं वेगळं. त्याआधी त्यांना एलओए लागतं, म्हणजे नेट कंपनीचं पत्र: आमच्या अमुक पॅनेलच्या अमुक पोर्टवर या ग्राहकाला जोडायला परवानगी आहे.

पहिलं पत्र आठवड्यानं आलं. त्यात आमच्या नावापुढे ‘प्रायव्हेट लिमिटेड’ नव्हतं आणि करारात होतं, म्हणून परत. दुसऱ्या पत्रात नाव बरोबर, पण दिलेल्या पोर्टवर आधीच दुसऱ्या कुणाची वायर. हे कळलं कधी, तर तंत्रज्ञ फायबर घेऊन पॅनेलसमोर उभा राहिला तेव्हा. तिकीट, म्हणजे कामाची नोंद बंद, नवी विनंती, पुन्हा रांगेच्या शेवटी. नेट कंपनी म्हणते डेटा सेंटरला विचारा, डेटा सेंटर म्हणतं सुधारलेलं पत्र आणा. दोघांचंही बिल मात्र आपल्याच नावावर.

तिसऱ्या पत्रावर फायबर ओढली गेली, तिकिटावर ‘काम पूर्ण’ असा शेरा आला, आणि लिंक उठली नाही. स्विचवर मॉड्यूलची (फायबरमधून प्रकाश पाठवणारा आणि घेणारा भाग) ऑप्टिकल पॉवर, म्हणजे प्रकाशाची ताकद पाहिली तर रिसीव्ह उणे ४० डीबीएम. म्हणजे प्रकाश पोचतच नाही. अशा वेळी आधी तीन गोष्टी बघाव्यात: समोरचा पोर्ट चालू आहे का, दोन्हीकडे मॉड्यूल एकाच जातीचं आहे का, आणि तारा उलट तर नाहीत ना. १० जीचं (सेकंदाला १० गिगाबिट) एलआर, म्हणजे लांब अंतराचं मॉड्यूल सिंगल मोड फायबरवर १३१० नॅनोमीटरच्या प्रकाशानं चालतं, एसआर, म्हणजे जवळच्या अंतराचं मल्टिमोडवर ८५० नं. दोघांचं एकमेकांशी जमत नाही. आमच्या तारा उलट होत्या, आमचा ट्रान्समिट त्यांच्या ट्रान्समिटलाच भिडलेला. एलसी कनेक्टरची क्लिप काढून दोन टोकं अदलाबदल करायची, दोन मिनिटांचं काम. त्याला दीड दिवस गेला आणि रिमोट हँड्सचं, म्हणजे तिथल्या माणसांकडून काम करून घेण्याचं अर्ध्या तासाचं किमान बिल लागलं. टोकं बदलताच रिसीव्ह उणे ४ वर आलं. एलआरला ते साधारण उणे १४ च्या वर असावं लागतं.

म्हणून करारावर सही करायच्या आधी एक ओळ घालून घ्या: भाडं पहिला क्रॉस-कनेक्ट चालू झाल्याच्या तारखेपासून. सहीनंतर हे कुणी ऐकत नाही. एलओएची मागणी लिंकच्या ऑर्डरबरोबरच करा, आपलं नाव जीएसटी प्रमाणपत्रावरून जसंच्या तसं कॉपी करून पाठवा, आणि पोर्ट मोकळा असल्याचं नेट कंपनीकडून मेलवर घ्या. पत्राची मुदतही बघा. ती उलटली तर सगळं पहिल्यापासून. दोन्ही टोकांना लाइट मीटरचं रीडिंग नोंदवल्याशिवाय तिकीट बंद करू देऊ नका.

मशीन नेण्यात काही अडलं नाही. डिलिव्हरी चलन तीन प्रतींत, त्यावर प्रत्येक वस्तूचा सिरियल नंबर, आणि तेच नंबर डेटा सेंटरच्या गेटपासच्या अर्जात. राज्यातल्या राज्यात १ लाखाच्या वर किंमत असेल तर ई-वे बिल. त्याची मुदत २०० किलोमीटरला १ दिवस. कोल्हापूर-पुणे त्याहून जास्त असल्यानं २ दिवस मिळतात.

विजेचं गणित मात्र स्वतः करा. रॅकला येणारी १६ अँपिअरची फीड (वीजजोडणी) म्हणजे २३० व्होल्टला सुमारे ३.७ केव्हीए, ८० टक्क्यांच्या वर जाऊ नये. ए आणि बी अशा दोन फीड मिळतात म्हणून दुप्पट लोड टाकता येत नाही, कारण ए गेली की सगळा भार बीवर पडतो आणि ब्रेकर उडतो. एकच पॉवर सप्लाय असलेल्या स्विचला ट्रान्सफर स्विच (एक फीड गेली की दुसरीवर नेणारं यंत्र) लागेल. आपली तीन पिनांची वायर तिथल्या पीडीयूत, म्हणजे रॅकमधल्या वीज वाटणाऱ्या पट्टीत बसत नाही. सी१३-सी१४ वायरी इथूनच घेऊन जा. रॅकमधल्या रिकाम्या जागी ब्लँकिंग पॅनेल (झाकणपट्ट्या) लावा, नाहीतर मागची गरम हवा पुढे फिरून येते.

सर्व्हर पुण्यात गेला की कारखाना पूर्णपणे लिंकवर येतो, हे आधीच सांगायला हवं होतं. आता बंद पडायची भीती शिरोलीकडच्या टोकाची. दोन कंपन्यांच्या दोन लाइन घेतल्या तरी दोन्ही फायबर एकाच हायवेच्या कडेनं गेलेल्या असू शकतात. मार्गाचा नकाशा मागा. आम्ही दुसरी लाइन वायरलेस घेतली.

आणि दोन हार्ड डिस्क, एक पॉवर सप्लाय आणि एक एलआर मॉड्यूल लेबल लावून रॅकमध्येच ठेवा. डिस्क जुलैत गेली आणि कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांच्या धोका पातळीकडे चाललेलं असेल, तर कोल्हापुरातून स्पेअर निघेल की नाही याची खात्री नाही. तिथला तंत्रज्ञ मात्र ती त्याच दिवशी बदलून देतो.