धेंपो-साळगावकर बघायला कोल्हापूरहून गोव्याला : मॅच २५ मिनिटं, बाकी सगळी पर्वरी

आधी कामाचं सांगतो, मग रडगाणं. गोव्यात लोकल फुटबॉल लीगची मॅच बघायला जाणार असाल तर ती कुठल्या ग्राउंडवर आहे हे त्याच दिवशी सकाळी बघा. आठ दिवसांपूर्वी ग्रुपवर आलेला तक्ता धरून निघालात तर तुमचं आमच्यासारखं होईल, म्हणजे म्हापशात रिकाम्या ग्राउंडसमोर पाण्याची बाटली घेऊन उभं राहायचं आणि मॅच तिकडं वास्कोत सुरू व्हायच्या मार्गावर.

हा नाद कुठून लागला ते थोडक्यात. आम्ही पेठेत वाढलेली पोरं, पाटाकडील विरुद्ध दिलबहार (आमच्या पेठांच्या फुटबॉल टीम) असलं की शाहू स्टेडियममध्ये दोन तास आधी जाऊन जागा धरणारी. बहीण दिली डिचोलीला. दाजी पक्के धेंपोवाले, कारण त्यांच्या म्हणण्यानुसार धेंपो क्लबचं मूळ डिचोलीतल्याच एका जुन्या क्लबात, साठच्या दशकात धेंपोंनी तो हातात घेतला. आणि साळगावकर म्हणजे वास्को, १९५६ चा क्लब, म्हणजे पोर्तुगीज असतानाचा. दोन्ही घराणी खाणवाली, दोन्हींची बार्जेस मांडवी-झुवारीतून जायची, आणि दोन्हींचे क्लब एकमेकांच्या उरावर. दाजी दर दिवाळीला हे सांगणार आणि आम्ही म्हणणार की दाजी एकदा दाखवा की. शेवटी यंदा मी आणि पव्या बुलेट काढून गेलोच.

कोल्हापूर ते डिचोली रस्त्याबद्दल लिहायला काही नाही. निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग. चांगला रस्ता, चांगली हवा, पाच तास. आंबोलीचे फोटो सगळ्यांकडं आहेत.

चूक दुसऱ्या दिवशी झाली आणि ती पहिली चूक म्हणजे बुलेट डिचोलीत ठेवली. शुक्रवार होता, शुक्रवारी म्हापशात बाजार भरतो, गाडी लावायला इंच जागा मिळत नाही, आणि आदल्या दिवशी पाच तास बसून पव्याची पाठ पण गेलेली, म्हणून म्हटलं बसनं जाऊ. दाजी सकाळीच कामावर गेलेले, त्यांना विचारायचा प्रश्नच आला नाही. तक्त्यात स्पष्ट लिहिलेलं, धुळेर स्टेडियम, म्हापसा, चार वाजता. एकची बस पकडली, अस्नोडा-थिवी करत दोनच्या आत म्हापशात. एवढं मस्त चाललेलं की बाजारात उभं राहून चोरिस-पाव (गोव्याचा सॉसेज-पाव) खाल्ला, तिथं पंधरा मिनिटं गेली, ती पंधरा मिनिटं मला आजपण टोचतात.

स्टँडपासून धुळेर चालत जाण्यासारखं आहे. गेलो. गेट अर्धं उघडं, आत एक माणूस नळीनं गवताला पाणी घालतोय. म्हटलं काका मॅच? तो शांतपणे म्हणतो, "आज हांगा ना रे. वास्कोंत आसा." पव्याला वाटलं चेष्टा करतोय. माणसानं नळी खाली ठेवली, खिशातून मोबाईल काढून कुणाला तरी फोन लावला, विचारलं आणि परत सांगितलं, वास्कोंत, टिळक मैदान, चार वाजतां. वर विचारतो, कोल्हापूरहून आलात का, तुमच्याकडं तर मोठी गर्दी होते म्हणतात. त्या माणसाचे उपकार आहेत, तो नसता तर आम्ही चारपर्यंत गेटवर बसलो असतो.

आता हिशेब बघा. वाजलेले अडीच. म्हापसा ते वास्को ४० किलोमीटरच्या वर. बाहेर टॅक्सी उभी, विचारलं, तर २८००. मी म्हटलं भावा, वास्कोला सोड म्हटलं, विकत नाही मागितलं. २५०० वर आला आणि तिथंच अडकला. ओला-उबर गोव्यात चालत नाही हे माहीत असू द्या, गोवा माइल्स म्हणून टॅक्सीचं ॲप आहे ते आधीच फोनमध्ये टाकून ठेवा, उन्हात उभं राहून ओटीपीची वाट बघत बसू नका. आमचं ते झालं नाही, दहा मिनिटं तशीच गेली, मग चालत परत स्टँडवर. पायलटवाला पणजीपर्यंत यायला तयार होता (पायलट म्हणजे मोटरसायकल टॅक्सी, पिवळ्या-काळ्या रंगाची), पण एका पायलटवर एकच माणूस, आम्ही दोघं, आणि आमची ९० किलोची बॉडी बघून तो जरा विचारात पडला. आता वाटतं दोन पायलट करायला पायजे होते. जे काय असेल ते द्या आणि पायलट करा, का ते पुढं वाचा.

पर्वरी.

म्हापसा-पणजी अंतर १३ किलोमीटर. कुणालाही विचारा, अर्धा तास म्हणेल. त्या अर्ध्या तासावर विश्वास ठेवू नका. पर्वरीत उड्डाणपुलाचं काम चाललंय, मधोमध खांब, दोन्हीकडं पत्रे, आणि जो काय रस्ता उरलाय त्यात बस, डंपर, भाड्याच्या स्कूटरवरचे टुरिस्ट आणि गोव्याची अख्खी जनता. आम्ही तीनला म्हापसा सोडलं. गिरीपर्यंत बरं चाललं. मग पर्वरीच्या तोंडाला बस थांबली ती थांबलीच. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, तेव्हाच समजायला पायजे होतं. शेजारची मावशी मासळीची पिशवी मांडीवर घेऊन झोपली, ती रोजची असणार. धूळ अशी की खिडकी लावली तर उकडून मरतोय, उघडली तर दातात खडी. पव्या दर दोन मिनिटाला मॅप उघडून लाल रेघ दाखवायचा आणि मी म्हणायचो ठेव ते, लाल आहे ते खिडकीतून पण दिसतंय. एका जागी तर आम्ही एका शेडवरचा बोर्ड इतका वेळ बघत होतो की टायर पंक्चरचा मोबाईल नंबर पाठ झाला. चार वाजले तेव्हा आम्ही पर्वरीतच. किकऑफ झाला असणार आणि आमच्यासमोर काँक्रीटचा मिक्सर गोल फिरतोय.

सव्वाचारला मांडवी पूल ओलांडून पणजी स्टँड. म्हणजे १३ किलोमीटरला सव्वा तास. पुलाचं काम संपेपर्यंत माझा सल्ला एकच, उत्तरेकडून दक्षिणेकडं जायचं असेल तर दुपारी तीन ते रात्री आठ पर्वरीच्या वाटेला जाऊ नका. डिचोलीहून येणाऱ्यांनी तर म्हापशाचं नावच काढू नये, साखळीकडून किंवा माशेल-बाणस्तारीकडून जुन्या गोव्याला उतरा, तिथून बांबोळी, कुठ्ठाळी, वास्को. आम्ही गाडी घेऊन असं गेलो असतो तर चहा पिऊन पण वेळेत पोचलो असतो. हेल्मेट, लायसन्स, पीयूसी मात्र सगळं जवळ ठेवा, एमएच पासिंग बघून हात आडवा येतोच.

पणजी ते वास्को कदंबाची (गोव्याची सरकारी बस) शटल घ्या. तिकीट खाली खिडकीवर काढायचं, रांगेत उभं राहायचं, बस मधे थांबत नाही. ही सेवा चांगली आहे, सरळ सांगतो. नवीन झुवारी पुलावरून बस सुसाट गेली, खाली नदी वगैरे होती, मी घड्याळ बघत होतो. चिखलीत सिग्नलला दाजींचा फोन आला, "गोल झाला, कुठं बसलायत तुम्ही?" म्हटलं बसमध्ये. ते गप्पच झाले. पूर्ण मॅचमधला एकुलता एक गोल तो, आणि आम्ही चिखलीत.

टिळक मैदान वास्कोच्या गावातच आहे, स्टँडवरून पळत पाच-सात मिनिटं, आम्ही खरोखर पळालो. पाच वीसला आत. मोजून २५ मिनिटांची मॅच बघितली.

आणि आता दुसरा धक्का. आम्ही ज्या गर्दीच्या कल्पनेनं गेलेलो ती तिथं नाही. पाचशे पण माणूस नसेल. ढोल नाही, झेंडे नाहीत, कुणी कुणाला शिव्या देत नाही. पांढऱ्यातले धेंपो, हिरव्यातले साळगावकर, पोरं भारी खेळत होती, पासिंग आपल्याकडच्यापेक्षा दोन पायऱ्या वर, हे कोल्हापूरकर म्हणून जड जातंय लिहायला पण खरंय. पण स्टँड रिकामा. पव्या म्हणाला, एवढ्यासाठी आलो काय? मी पण पाच मिनिटं तेच म्हणत होतो.

मग वरच्या पायरीवर पाच-सहा म्हातारे दिसले. गोल कुणी मारला ते स्कोअरबोर्ड न बघताच कळलं, कारण त्यातला एकजण सगळ्यांना शेंगदाणे वाटत होता आणि शेजारचा घेत नव्हता. जाऊन त्यांच्यात बसलो. तुम्ही जाल तेव्हा पण हेच करा, मोकळ्या खुर्च्या बघून लांब बसू नका, म्हाताऱ्यांना शोधा. खरी मॅच तिथं चालू असते.

शेंगदाणेवाले काका साळगावकरचे, जन्म वास्कोचा. त्यांचं पहिलं वाक्य, "गोव्यात नॅशनल लीग पहिली कोणी आणली? १९९८-९९. आम्ही." फेडरेशन कप १९८८, परत १९८९, मग १९९७, हे ते बोटावर मोजत होते आणि प्रत्येक बोटाला एक शेंगदाणा. ब्रह्मानंद शंखवाळकर गोलमध्ये असला की आम्ही बॅक पास बघायचोच नाही म्हणाले, इंडियाचा कॅप्टन, २०२२ ला पद्मश्री मिळाली तेव्हा यांनी घरी पेढे वाटलेले. मग ब्रुनो कुतिन्हो, त्यांचा स्ट्रायकर. शेजारचे धेंपोवाले तोपर्यंत गप्प होते, ते एकदम म्हणाले, "झालं तुझं? पाच." म्हणजे पाच लीग. २००४-०५, ०६-०७, ०७-०८, ०९-१०, ११-१२. आर्मांदो कुलासो कोच, रँटी मार्टिन्स पुढं, मधे क्लायमॅक्स लॉरेन्स, मागं महेश गवळी आणि समीर नाईक. २००८ ला एएफसी कपच्या (आशियातल्या क्लबांची स्पर्धा) सेमीपर्यंत गेलो, तुमचे गेले का?

इथं हिरवे काका हसले. त्यांच्याकडं हुकमाचं पान होतं. २०११ मध्ये धेंपोनं एअर इंडियाला मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर १४-० हरवलं, चौदा, आणि त्याच सीझनला लीग कुणाकडं गेली? साळगावकरकडं. कोच करीम बेंचरिफाची टीम. "चौदा घातले आणि ट्रॉफी आमच्या कपाटात." धेंपोवाल्यांनी यावर शेंगदाणा घेतला, पण हिरव्यांच्या हातातला नाही, स्वतः दहाची पुडी विकत घेतली.

म्हटलं काका, मग आता माणसं का येत नाहीत? दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं. २००६-०७ पासून २०१२-१३ पर्यंत सलग सात वर्षं देशाची लीग गोव्यात, धेंपो, साळगावकर नाहीतर चर्चिल. आणि २०१६ ला फुटबॉल फेडरेशननं आयएसएलला (फ्रँचायझींची लीग) वर बसवायचं ठरवलं तेव्हा धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग तिघंही आय-लीगमधून (नॅशनल लीगचं पुढचं नाव) बाहेर पडले. तेव्हापासून ही मॅच गोव्यापुरती. पोरं फातोर्ड्याला एफसी गोवाचा (गोव्याची आयएसएल टीम) केशरी टीशर्ट घालून जातात, हिरवे काका म्हणाले, माझा नातूपण जातो, पण एफसी गोवाचा वैरी कोण सांग बघू? यावर मला उत्तर देता आलं नाही. धेंपो मध्यंतरी परत आय-लीगमध्ये चढलेत, तो मुद्दा पांढऱ्या काकांनी तीनदा काढला आणि हिरव्यांना तीनही वेळा ऐकू आलं नाही.

शिट्टी झाली, खेळाडू गेले, हे लोक बाहेर चहाच्या गाड्यावर अजून अर्धा तास. आम्ही पण. तिथं आम्ही शहाणपणा करून आपल्याकडच्या पेठांच्या ईर्षेचं सांगायला लागलो, तर काका म्हणाले, मॅचला पोलीस लागतात? मग मॅच कशी बघता?

त्या अर्ध्या तासाची किंमत १४०० रुपये. ती अशी की शटल गेली, पुढची मिळून पणजीत पोचेपर्यंत पावणेनऊ, आणि डिचोलीची बस संपलेली. टॅक्सीवाल्यानं १६०० सांगितले, रात्रीचं रिटर्न भाडं मिळत नाही म्हणाला, १४०० वर तुटलं. ३० किलोमीटरला १४००. पव्या वाटेत एकदापण बोलला नाही. तुम्ही बसनं गेलात तर शेवटची शिट्टी झाल्या झाल्या स्टँड गाठा, किंवा सरळ वास्कोतच मुक्काम करा. चहाच्या गाड्यावर थांबणार असाल तर तो खर्च आधीच धरा. मी परत गेलो तर परत थांबेन, ती गोष्ट वेगळी.

बाकी किरकोळ. ग्राउंडवर खायला चणे-शेंगदाणे सोडून काही धरू नका. पाणी घेऊन जा. पावसाळा संपल्यानंतर जा. शनिवारी आम्ही मोरजीला समुद्रावर गेलो, बरं होतं.

त्या शुक्रवारी रात्री दहाला डिचोलीत पोचलो. दाजी जेवायचे थांबलेले. तक्ता दाखवला, म्हटलं बघा यात धुळेर लिहिलंय. दाजी म्हणाले अरे हे जुनं, ग्राउंड बदललेलं आज सकाळी पेपरात होतं की, क्रीडा पानावर खाली कोपऱ्यात, मला वाटलं तुम्ही वाचला. पेपर कुठाय म्हटलं. ताईनं डायनिंग टेबलाकडं बोट दाखवलं. सकाळी आमच्या पोह्यांच्या प्लेटी त्याच्यावरच ठेवलेल्या, वास्को या शब्दावर शेवेचा तेलकट डाग.