रेषेखालचा रंग

अहवालासाठी आलेख काढताना एरिया चार्ट निवडण्याचा मोह मला बरीच वर्षे होत असे, कारण नुसत्या रेषेपेक्षा रंगाने भरलेला आलेख पानावर भरदार दिसतो. आता रंग भरण्याआधी मी एकच गोष्ट तपासते: रेषेच्या खाली जे क्षेत्रफळ तयार होणार आहे, त्याला काही अर्थ आहे का?

विजेच्या वापराचा आलेख घ्या. आडव्या अक्षावर दिवसाचे चोवीस तास आणि उभ्या अक्षावर किलोवॅट असतील, तर रेषेखालचे क्षेत्रफळ म्हणजे किलोवॅट गुणिले तास, अर्थात त्या दिवशी वापरलेले एकूण युनिट. इथे रंग ही सजावट नसून मोजमाप आहे, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्याला जो आकार मोठा वाटतो तो खरोखरच मोठा असतो. याउलट त्याच चोवीस तासांच्या तापमानाची रेषा काढून तिच्याखाली रंग भरला, तर अंश गुणिले तास या गुणाकारातून सामान्य वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. सरासरी, निर्देशांक, समाधानाचे गुण अशा आकड्यांचेही तसेच आहे. त्यांना साधा रेषालेखच शोभतो.

क्षेत्रफळाला अर्थ असेल, तर उभा अक्ष शून्यापासून सुरू करणे ओघानेच येते. एखादा आकडा ९० वरून १०० वर गेला, तर वाढ सुमारे ११ टक्के असते. पण अक्ष ८५ पासून सुरू केला, तर रंगाची उंची ५ वरून १५ होते आणि वाचक आकडा तिप्पट झाला असे समजून पान उलटतो. रेषालेखात अक्ष मधूनच सुरू करणे कधीकधी चालून जाते, कारण तिथे डोळा रेषेचा चढ-उतार पाहतो. एरिया चार्टमध्ये ते चालत नाही.

खरी कसोटी लागते ती एकावर एक थर रचलेल्या, म्हणजे स्टॅक्ड एरिया चार्टमध्ये. ही गोष्ट मी अनुभवातून शिकले. एका कार्यालयात मी तक्रारींचा मासिक अहवाल तयार करत असे, आणि त्यात फोन, संकेतस्थळ व ईमेल या तीन मार्गांनी आलेल्या तक्रारींचे तीन थर असत. खालचा थर फोनचा होता आणि त्या वर्षी फोनवरच्या तक्रारी भराभर वाढल्या होत्या. सर्वांत वरचा थर ईमेलचा होता. त्याचे आकडे वर्षभर जवळजवळ स्थिर होते, पण खालून ढकलला गेल्यामुळे तो पानाच्या डाव्या कोपऱ्यातून उजव्या कोपऱ्यात चढत गेलेला दिसत होता. बैठकीत पहिला प्रश्न आला तो ईमेलच्या तक्रारी एवढ्या का वाढल्या हाच, आणि त्यावर बरीच चर्चा होईपर्यंत कुणीही शेवटच्या पानावरचा तक्ता उघडला नव्हता. आकडे अचूक असूनही माझ्या आलेखाने चुकीची गोष्ट सांगितली होती, याचे मला आजही वाईट वाटते.

यामागचे कारण आपल्या डोळ्यांच्या सवयीत आहे. दोन वक्ररेषांमधले अंतर आलेखात उभे मोजायचे असते, पण डोळा ते रेषांना काटकोनात मोजतो. थर सपाट असेल तेव्हा दोन्ही सारखेच. पण तोच थर साठ अंशांच्या चढावर गेला, तर काटकोनातली जाडी उभ्या अंतराच्या निम्मी होते आणि आकडा न बदलताही थर बारीक दिसू लागतो. स्कॉटिश आलेखकार विल्यम प्लेफेअर यांनी १७८६ मध्ये आयात आणि निर्यात यांच्या रेषा काढून त्यांच्यामधल्या जागेत व्यापाराची शिल्लक दाखवली, तेव्हापासून ही अडचण या आलेखाच्या सोबतच आहे. आलेख डोळ्यांना कसे दिसतात याचा अभ्यास करणाऱ्या विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी १९८४ मध्ये प्लेफेअर यांचाच इंग्लंड व ईस्ट इंडीजच्या व्यापाराचा आलेख घेऊन दोन रेषांमधला फरक वेगळा काढून पाहिला. १७६० च्या सुमारास त्या फरकात ठळक चढ-उतार आहे, पण मूळ आलेखात दोन्ही रेषा तिथे एकदम चढत असल्यामुळे तो नजरेतून निसटतो. एवढ्या कसलेल्या माणसाच्या हातून जे झाकले गेले, ते आपल्या अहवालात झाकले जाणार नाही असे मानण्याचे काही कारण नाही.

म्हणून स्टॅक्ड आलेख मी तेव्हाच वापरते, जेव्हा मुख्य गोष्ट एकूण बेरजेची असते आणि घटकांचा केवळ अंदाज पुरेसा असतो. सर्वांत स्थिर घटक तळाशी ठेवते, म्हणजे त्याच्यावरच्या थरांना हलती जमीन मिळत नाही. आणि ज्या एका घटकाबद्दल बोलायचे आहे तोच चढ-उताराचा असेल, तर मात्र त्याला तळाशी घेते, कारण सपाट पायावर उभा राहण्याचा मान एकाच थराला मिळतो. थर चारपेक्षा जास्त होऊ लागले की लहान घटक "इतर" मध्ये जातात. रंगांची सूची बाजूला देण्याऐवजी नाव थरातच लिहिते. प्रत्येक घटकाची वाटचाल महत्त्वाची असेल, तर एकाच मापाचे छोटे छोटे वेगळे आलेख शेजारीशेजारी मांडते. तक्रारींचा अहवाल मी पुढे असाच केला, आणि ईमेलची रेषा सपाट आहे हे पहिल्या नजरेत कळू लागले.

शंभर टक्क्यांच्या, म्हणजे प्रत्येक थर एकूण बेरजेतला टक्का म्हणून दाखवणाऱ्या आलेखात एकूण आकडा दिसतच नाही, त्यामुळे तो शीर्षकाखाली लिहावा लागतो. ऋण संख्या असतील तर थर रचूच नयेत. आणि एखाद्या महिन्याची माहिती आलेली नसेल, तर ती रिकामी जागा आधी नीट तपासावी: एरिया चार्टमध्ये एक्सेल रिकामा सेल शून्य धरून रंग थेट तळाला नेतो, आणि न आलेली माहिती कोसळलेल्या आकड्यासारखी दिसते. अशा वेळी मी त्या महिन्यापाशी आलेख तोडून दोन भागांत काढते आणि मधल्या मोकळ्या जागेत "माहिती उपलब्ध नाही" असे लिहिते.