स्वॉर्म लॉग: टक्कर बंद, आता कोंडी आणि खोटं बोलणारा रोबो

या टप्प्यात एक गोष्ट पक्की झाली, रोबोंच्या थव्याची (स्वॉर्मची) वागणूक आणि सुरक्षा एकाच कोडमध्ये कालवायची नाही. वागणुकीला क्रेग रेनॉल्ड्सच्या बॉइड्सचे (पक्ष्यांच्या थव्याची नक्कल करणारं संगणकी मॉडेल) १९८७चे तीन नियमच ठेवलेत: फार जवळ जाऊ नको, शेजाऱ्यांच्या दिशेने चल, घोळक्यात राहा. पण यातला पहिला नियम म्हणजे टक्कर होणार नाही याची हमी नाही, बाकीच्या दोघांनी जोर लावला की तो दबतो.

म्हणून मोटरला कमांड जायच्या आधी वेगळा फिल्टर बसवलाय, बॅरिअर फंक्शनवाला. दोन रोबोंमधल्या अंतराचा वर्ग वजा किमान अंतराचा वर्ग, ही किंमत शून्याच्या खाली जाऊ द्यायची नाही, आणि ती जितकी कमी होत जाईल तितका जवळ येण्याचा वेग कमीच परवानगीत बसतो. फिल्टर मूळ कमांडच्या सगळ्यात जवळची सुरक्षित कमांड निवडतो, धोका नसेल तर हातही लावत नाही. जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या रोबोटेरिअममध्ये, म्हणजे लांबून वापरता येणाऱ्या रोबो प्रयोगशाळेत, कुणीही लांबून कोड पाठवला तरी रोबो आपटत नाहीत ते याच जातीच्या युक्तीमुळे, मला हे फार आवडतं.

आता खरी गंमत. दोन रोबो अगदी समोरासमोर आले की दोघंही थांबतात आणि थांबूनच राहतात, कारण सगळं सममित आहे, बाजूला सरकायचं कारणच कुणाकडे नाही. सुरक्षित आहेत पण काम ठप्प! उपाय असा केला की ध्येय लांब आहे आणि फिल्टरने वेग जवळजवळ शून्य केलाय असं दिसलं की मूळ कमांडमध्ये उजवीकडचा थोडा वेग मिसळायचा, आणि तो फिल्टरच्या आधी, नंतर मिसळला तर हमीच गेली. दोघांची कोंडी सुटते, अरुंद जागेत चार-पाच जण अडकले की अजून त्रास आहे.

पुढचं काम खोट्या माहितीचं. एखाद्याचा सेन्सर बिघडला आणि तो भलतीच दिशा सांगत राहिला तर साधी सरासरी घेणारा अख्खा थवा त्याच्या मागे वाहवत जातो. डब्ल्यू-एमएसआर पद्धतीत प्रत्येकजण आपल्यापेक्षा मोठ्या किमतींतली टोकाची एक आणि लहानांतली टोकाची एक टाकून देतो, मग उरलेल्यांची सरासरी. नुसते शेजारी जास्त असून भागत नाही; नेटवर्क ३-रोबस्ट असलं, म्हणजे रोबोंचे कुठलेही दोन वेगळे गट घेतले तरी त्यातल्या एका गटात निदान एकाला गटाबाहेरच्या तिघांचं ऐकू येत असलं, तर एक खोटारडा नक्की पचतो, आणि ३-रोबस्ट व्हायला किमान पाच रोबो हवेतच. आधी पाचही जणांना एकमेकांचं ऐकू येतं अशी मांडणी घेऊन बघतोय, मग रेंज कमी करत जाईन. कुणी रेंज बदलत असताना रोबस्टनेस टिकवून दाखवलाय का, मला ते बघायचंय.