मियाटाचं गळकं ऑइल सील आणि इचलकरंजीचे काका

गाडी १९९६ ची माझदा मियाटा, १.८ लिटरचं इंजिन, पाच गिअर, हेडलाइट टुणकन वर येतात ती. न्यू जर्सीत दोन माणसं आणि एक पिशवी मावणारी गाडी का घेतली हे बायकोने खूपदा विचारून झालंय, माझ्याकडे अजून उत्तर नाहीये.

तर सप्टेंबरपासून खाली डाग पडायला लागला. गॅरेजवाल्याने टॉर्च मारून बघितलं आणि म्हणाला इंजिनचं मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, आणि आकडा सांगितला चार आकडी. घरी येऊन डाग बोटाला लावून वास घेतला तर चक्क सडक्या अंड्यासारखा. इंजिन ऑइलला असा वास येत नाही, हा गंधकवाला वास गिअर ऑइलचा. मग खालून सगळं ब्रेक क्लीनरने लख्ख धुतलं, वीसेक मैल फिरवून आणली आणि परत बघितलं, ओलं फक्त गिअरबॉक्सच्या शेपटीला, जिथे प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे मागच्या चाकांकडे ताकद नेणारा लांब दांडा, आत जातो तिथे. पुढचा सगळा चिकटा इंजिनच्या डोक्यावरच्या झाकणातून, म्हणजे व्हॉल्व्ह कव्हरमधून, कधीकाळी गळलेल्या तेलाचा होता, गॅरेजवाला त्यालाच फसला असणार.

म्हणजे गेलं होतं ते तिथलं सील. सील म्हणजे पत्र्याची कडी, आतून रबराचा ओठ, आणि ओठामागे एक बारीक गोल स्प्रिंग जी त्याला शाफ्टवर घट्ट धरून ठेवते. रबर म्हातारं झालं की कडक होतं, मग स्प्रिंग कितीही दाबू दे. किंमत विचाराल तर एका पिझ्झ्यापेक्षा कमी, आणि नशीब मी दोन मागवली होती.

माझ्याकडे गॅरेज नाही म्हणून मित्राच्या घरी गेलो. त्याचे वडील इचलकरंजीहून आलेत, आयुष्य यंत्रमागावर गेलं, इथल्या थंडीत कंटाळलेत. गाडी चारी स्टँडवर चढवलेली बघून स्वेटर घालून खुर्ची टाकून बसलेच.

गिअरबॉक्सचं तेल काढताना आधी भरायचा बोल्ट सोडवा, मगच खालचा. वरचा गंजून बसलेला निघाला तर तेल काढून मोकळे झालात आणि भरायला जागा नाही अशी गत. एक्झॉस्टच्या मधल्या पाइपाच्या नटांवर मात्र दोन तास गेले, इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात त्याची कृपा. शाफ्टच्या डिफरन्शियलकडच्या (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) जोडावर रंगाने खूण केली म्हणजे परत तसाच बसतो, चार बोल्ट काढले आणि शाफ्ट मागे ओढून काढला. तेल काढूनसुद्धा वाटीभर माझ्या बाहीत आलंच.

शाफ्टच्या गुळगुळीत भागावर नखाला लागेल न लागेल अशी बारीक रेघ पडलेली. या गाडीत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एका लांब ॲल्युमिनियमच्या फ्रेमने एकमेकांना जखडलेले असतात, त्यामुळे शाफ्ट पुढेमागे फारसा सरकत नाही आणि ओठ वर्षानुवर्षं एकाच जागी घासत राहतो. रेघ खोल असती तर वरून पातळ स्लीव्ह चढवावी लागली असती, माझं बारीक पॉलिश पेपरवर भागलं.

जुनं सील उचकटून काढलं, नवीन ठेवलं, हातोडीने ठोकलं, वाकडं. सरळ करायला दुसऱ्या बाजूने ठोकलं तर कडाच दुमडली. एक गेलं.

"काय लेका, खिळा ठोकायलास व्हय?" काका खुर्चीतून उठले. "कोरडं बसवू नको, ओठाला ग्रीस लाव आधी. आणि सगळ्या कडंवर एकदम दाब आला पाहिजे."

"काका, त्या मापाचं टूल नाहीये माझ्याकडे."

"पाइप हाय की तिकडं."

खरंच, कोपऱ्यात पीव्हीसीचा तुकडा पडला होता, सीलच्या कडेवर बरोब्बर बसला. मी दोन टोले मारले की काका थांबवायचे, बोटाने चारी बाजू चाचप म्हणायचे, मग पुढचे दोन. शेवटी टोल्याचा आवाज बदलला, भरीव झाला, तेव्हा म्हणाले बसलं, आता हात लावू नको.

तेल ७५डब्ल्यू-९० घट्टपणाचं, जीएल-४ वर्गाचं घातलं, दोन लिटरच्या आसपास, भरायच्या भोकातून बाहेर यायला लागेपर्यंत. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची रसायनं जास्त असतात, पितळी सिंक्रोच्या, म्हणजे गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्यांच्या, भीतीने मी टाळलं, त्यावरून लोक भांडतात ते भांडू देत.

आठवडा झाला, खाली ठेवलेला पुठ्ठा कोरडा आहे, काका रोज फोनवर विचारतात. थंडीत सकाळी दुसरा गिअर अजून कुरकुरतो. गिअरच्या दांड्याखाली वेगळं थोडंसं तेल असतं ते बदलायचंय, पण त्यासाठी आतला कन्सोल खोलावा लागतो आणि तो आता मार्चशिवाय मी खोलणार नाही.