अँटेनाची कार्यक्षमता: एका रकान्याने अडवलेला अर्ज

महापे येथील आमच्या छोट्या कारखान्यात गृहसंकुलांच्या टाक्यांमधील पाण्याची पातळी ८६६ मेगाहर्ट्‌झवरून कळवणारे यंत्र तयार होते. त्याच्या मान्यतेच्या अर्जासाठी चाचणीचे शुल्क आणि नमुने बिनबोभाट जमा झाले. अर्ज अडला तो 'अँटेनाची कार्यक्षमता', म्हणजे अँटेनाने घेतलेल्या शक्तीपैकी किती टक्के हवेत प्रक्षेपित होते, या एका रकान्यापाशी.

पुरवठादाराच्या माहितीपत्रकात तो आकडाच नव्हता, आणि विचारले की दर वेळी ठरलेले उत्तर येई: "साहेब, रिटर्न लॉस अठरा डीबी आहे, अँटेना उत्तम आहे." रिटर्न लॉस अँटेनाकडून परत येणारी शक्ती डेसिबलमध्ये (डीबी) सांगतो; अठरा डीबी म्हणजे पाठवलेल्या शक्तीपैकी जेमतेम दीड टक्का परत येते, हे खरे, परंतु उरलेली हवेत गेली, की बोर्डात आणि शेजारच्या बॅटरीत उष्णता होऊन जिरली, याबद्दल तो आकडा अवाक्षर काढत नाही. अँटेनाच्या जागी पन्नास ओहमचा रोधक जोडला तरी रिटर्न लॉस झकास दिसतो आणि प्रक्षेपण मात्र काहीच होत नाही, हे मी लेखी कळवले. त्यावर "तपासून सांगतो" एवढेच आले, आणि पुढे तेही येईनासे झाले.

शेवटी अमेरिकन रेडिओ अभियंते हॅरॉल्ड व्हीलर यांनी १९५९ साली मांडलेली पद्धत वापरली. उघड्यावर मोजलेल्या अँटेनाच्या रोधात प्रक्षेपणाचा आणि उष्णतेत जाणाऱ्या नुकसानीचा असे दोन्ही वाटे असतात; अँटेना धातूच्या डब्यात बंद केली की प्रक्षेपण थांबते आणि मोजला जातो तो केवळ नुकसानीचा रोध. डब्याची भिंत अँटेनापासून तरंगलांबीच्या साधारण एक षष्ठांश, म्हणजे आमच्या बाबतीत साडेपाच सेंटिमीटर तरी, दूर हवी. घरचा पिठाचा स्टीलचा डबा त्यात चपखल बसला (पीठ कुठे ठेवायचे, हा प्रश्न घरी काही दिवस गाजला). अनुनादाच्या वारंवारितेवर उघड्यावर २० ओहम आणि डब्यात १२ ओहम भरले. म्हणजे प्रक्षेपणाच्या वाट्याला ८, कार्यक्षमता ४० टक्के! बॅटरी अँटेनापासून दूर सरकवल्यावर हेच आकडे २१ आणि ८ झाले, आणि रकान्यात ६२ टक्के लिहिताना मला जो आनंद झाला तो लपवत नाही.

झाकणाची फट अॅल्युमिनियमच्या चिकटपट्टीने बुजवावी आणि केबलचे बाहेरचे वेष्टन भोकाशी डब्याला डाखावे, नाहीतर केबलच अँटेनासारखी वागू लागते. आणि हो, रोध मोजणाऱ्या उपकरणाचे कॅलिब्रेशन (मोजणीआधीची जुळवणी) उपकरणापाशी नव्हे, केबलच्या अँटेनाकडील टोकाला करावे.