पाच स्टार, पण कुठल्या पावसातले?

मागच्या जूनमध्ये सायकलसाठी रेन जॅकेट घेतलं, साडेचार हजारांचं. त्याआधी दोन आठवडे रोज रात्री रिव्ह्यू वाचत बसायचे, यूट्यूबवर इंग्लंडमधल्या लोकांचे व्हिडिओ तर दोन-दोनदा बघितले, सगळे म्हणत होते एकदम वॉटरप्रूफ, एकदम ब्रीदेबल, म्हणजे घामाची वाफ बाहेर सोडणारं. आणि पहिल्याच पावसात मुंबईत मुलुंडहून आधी एलबीएस रोड, मग जेव्हीएलआर रोड करत पवईला पोचले तर आतून चिंब! पावसाचा थेंबही आत आला नव्हता, तो सगळा घाम होता.

आधी रागच आला, पण ते लोक खोटं बोलत नव्हते. असल्या कापडातून घामाची वाफ बाहेर पडते ती आतल्या आणि बाहेरच्या हवेत वाफेचा फरक असतो म्हणून. तिकडे १० डिग्रीला पाऊस पडत असला तरी थंड हवेत वाफ कमीच मावते, त्यामुळे फरक भरपूर. आपल्याकडे जुलैत २८ डिग्री आणि बाहेरची हवाच पाण्याने भरलेली, मग वाफ जाणार कुठे. म्हणजे रिव्ह्यू खरा होता, फक्त माझ्या पावसाचा नव्हता.

इथल्या रिव्ह्यूंचं दुखणं वेगळं आहे. सायकलच्या पुढच्या बाजूला लावायच्या लाइटचं पार्सल आलं त्यात एक कार्ड होतं, पाच स्टार द्या, स्क्रीनशॉट पाठवा, दोनशे रुपये परत. मी दिले पाच स्टार, दुसऱ्याच दिवशी, तोवर एकदाही पावसात लावला नव्हता. लाइट आयपीएक्स४, म्हणजे चारी बाजूंनी उडणाऱ्या शिंतोड्यांपुरता, आणि शेजारून बस खड्ड्यातून गेली की जे अंगावर येतं त्याला शिंतोडे म्हणत नाहीत. महिन्याभरात चार्जिंगचं पोर्ट गंजलं. माझा रिव्ह्यू वाचून कोणी तो घेतला असेल आणि अंधारात अडकला असेल तर, हे अजून मनात सलतं.

ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी बीआयएसने, म्हणजे भारतीय मानक ब्युरोने, नोव्हेंबर २०२२ मध्ये आयएस १९००० नावाचं स्टँडर्ड आणलं, पण ते ऐच्छिक. कार्डं येतच राहिली.

हेल्मेटच्या बाबतीत मात्र मी लोकांचे रिव्ह्यू वाचतच नाही. हलकं आहे, कलर मस्त आहे असं लिहिणारा त्या हेल्मेटवर आपटलेला नसतो ना! आत ईएन १०७८ (युरोपचं सेफ्टी स्टँडर्ड) किंवा सीपीएससीचा (अमेरिकेचं) स्टिकर आहे का बघायचं, आणि अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेकची लॅब हेल्मेट आपटून स्टार देते, त्यात आपलं मॉडेल असलं तर उत्तम. डोक्याला बसतं की नाही ते मात्र दुकानात जाऊनच.

बाकी सगळ्यासाठी आता आधी तारीख बघते. मे महिन्यातला रिव्ह्यू सोडून देते, ऑगस्ट-सप्टेंबरमधले वाचते, त्यातही तीन स्टारवाले, आणि कोणी वापरून झाल्यावरचा फोटो टाकला असेल तर तो झूम करून स्क्रू आणि चेन बघते. आमच्या इथल्या सायकल रिपेअरवाल्या काकांनाही विचारते, दुरुस्तीला वारंवार काय येतं ते त्यांना तोंडपाठ आहे.

त्या लाइटचा रिव्ह्यू परवा बदलला. दोन स्टार, गंजलेल्या पोर्टचा फोटो, आणि पहिल्या वेळी पैसे घेऊन लिहिलं होतं हेही लिहिलंय.